प्लेटलेट चढत होत्या, काउंट चढत नव्हता

२०२३ सालची आषाढी एकादशी २९ जूनला होती. त्या दिवशी बायकोच्या दंडावर आणि पोटऱ्यांवर निळे-जांभळे डाग दिसले. कुठं आपटलीस म्हणून विचारलं, तर तिलाही आठवेना. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय हे तर ती आठवडाभर बोललीच नव्हती. उपासाचा अशक्तपणा, अंगातली उष्णता, असं आपलं घरगुती निदान चाललेलं. ३ जुलैला कराडात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ६.८, पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट (रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी) ११,०००. लॅबवाल्यानं रिपोर्ट माझ्या हातात देण्याआधी डॉक्टरांना फोन लावला, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. धडधाकट माणसाचा प्लेटलेटचा काउंट दीड लाख ते साडेचार लाख असतो.

मी कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शरीरशास्त्र म्हणाल तर सातवीच्या पुस्तकापुरतं. हे लिहायला बसलो त्याचं कारण एवढंच, की ‘प्लेटलेट चढवूनही वाढत नाहीत’ याबद्दल त्या दिवसांत मी मोबाईलवर रात्र-रात्र शोधायचो आणि मराठीत डेंग्यू आणि पपईच्या पानांचा रस यापलीकडे काही सापडायचं नाही. (तो रस आम्हाला किमान पंधरा नातेवाइकांनी सुचवला. डॉक्टरांनी हात जोडून नको म्हटलं.)

कराडला ४ जुलैला चार पिशव्या प्लेटलेट चढवल्या आणि आम्ही ५ तारखेला पुण्याला गेलो. कमरेच्या हाडातून मज्जा काढली. रिपोर्ट यायला ११ जुलै उजाडला. सिव्हिअर अप्लास्टिक अॅनिमिया. कॅन्सर नाही, पण रक्त तयार करणारी मज्जा आटत चाललेली. बहुतेक वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मज्जेतल्या मूळपेशींवर उठलेली असते. रस्ते दोन. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळली तर प्रत्यारोपण. नाही तर प्रतिकारशक्ती दाबणारं एटीजी नावाचं इंजेक्शन चार दिवस, सोबत सायक्लोस्पोरिन आणि एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या, आणि मग तीन ते सहा महिने वाट. तोवर रक्त आणि प्लेटलेट बाहेरून. बायकोचं वय ३४. थोरली पाचवीत, धाकटा बालवाडीत.

‘बाहेरून’ हा शब्द मी तेव्हा फार हलक्यानं घेतला.

प्लेटलेट दोन प्रकारे मिळतात. नेहमीच्या रक्तदानाच्या एका पिशवीतून जी छोटी पिशवी वेगळी काढतात ती आरडीपी. मोठ्या माणसाचा काउंट तिनं पाच-दहा हजारांनी वाढतो. दुसरी एसडीपी. एकाच दात्याला यंत्राला जोडतात, यंत्र त्याच्या रक्तातून फक्त प्लेटलेट गाळून घेतं आणि बाकीचं रक्त परत देतं. या एका पिशवीनं काउंट तीस ते पन्नास हजारांनी वाढायला हवा. रुग्णालयानं दाता आणायला सांगितलं. माझा गट बी पॉझिटिव्ह, तिचाही बी पॉझिटिव्ह. मी ६ जुलैला खुर्चीवर जाऊन बसलो. सव्वा तास लागला. यंत्राच्या नळीतून पिवळसर पिशवी भरताना बघून मला जे वाटलं ते इथं लिहीत नाही, पण लग्नानंतर एवढं थेट काही मी तिला दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंट ८,०००. चढवण्याआधी होता ७,०००.

लॅबची चूक असेल म्हणून पुन्हा तपासलं. चूक नव्हती. ९ तारखेला माझ्या शाळेतले सहकारी आले. सहा हजारांचे नऊ झाले आणि संध्याकाळी परत सहा. १३ तारखेला तिसरा दाता, तीच गत. प्रत्येक पिशवीमागं आमचे साडेअकरा हजार जात होते. तिला त्या आठवड्यात ताप होता. डॉक्टर म्हणाले, तापात प्लेटलेट जळून जातात, थांबू. हे खोटं नव्हतं. पुढं वाचनात आलं की चढवलेल्या प्लेटलेट टिकत नाहीत अशा रुग्णांपैकी बहुतेकांमध्ये कारण हेच निघतं: ताप, जंतुसंसर्ग, वाढलेली पानथरी (प्लीहा), चालू असलेला रक्तस्राव, बुरशीवरची काही औषधं. पण १७ जुलैला ताप गेला आणि काउंट मात्र हलला नाही.

त्या दिवशी वॉर्डात रक्तपेढीच्या एक तरुण डॉक्टर आल्या. आम्हाला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. “सर, पिशवी संपल्यावर तासाभरात काउंट केला होता का?”

नव्हता. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी करत होतो, सगळ्यांचं रक्त त्याच वेळी काढतात म्हणून.

फरक असा आहे. तासाभरानं काउंट नीट वाढलेला दिसला आणि दुसऱ्या दिवशी पडला, तर प्लेटलेट शरीरात हळूहळू खर्ची पडतायत. कारण बहुधा ताप, पानथरी वगैरे. पण तासाभरातच काही वाढ दिसली नाही, तर आत शिरता क्षणी कुणीतरी त्यांना मारतंय. बहुतेकदा प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी. ही तपासणी साध्या सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची आहे, आमच्याकडे तेव्हा अडीचशे रुपये लागत. तुमच्या माणसाला प्लेटलेट लागू पडत नसतील तर पहिल्यांदा हीच मागा. पिशवी संपल्यावर दहा मिनिटं ते एक तास या वेळातच रक्त काढलं पाहिजे. सिस्टरच्या मागं लागावं लागतं, लाज सोडून लागा.

त्यांनी मला हिशोबही शिकवला, मी गणिताचा मास्तर आहे असं कळल्यावर. वाढलेला काउंट गुणिले रुग्णाच्या अंगाचं क्षेत्रफळ (उंची-वजनावरून काढतात, तिचं दीड चौरस मीटर), भागिले पिशवीतल्या प्लेटलेटची संख्या. पिशवीत ३ वर अकरा शून्यं इतक्या प्लेटलेट असतात. आपल्या जुन्या मोजणीत तीन निखर्व! ‘निखर्व’ हा शब्द पाढ्यांच्या पुस्तकाबाहेर मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला. सूत्रात फक्त ३ घालायचे. पहिल्या तासाचं उत्तर ७,५०० च्या वर यायला हवं. २२ जुलैला सहा हजारांचे सात हजार झाले होते. हजार गुणिले दीड, भागिले तीन. उत्तर पाचशे. त्याच्या आधीच्या, १९ तारखेच्या पिशवीचं उत्तर शून्य होतं. रक्तगट जुळणाऱ्या, ताज्या, लागोपाठ दोन पिशव्यांना असं उत्तर आलं की त्याला नाव मिळतं: रिफ्रॅक्टरी, म्हणजे दाद न देणारा. फाईलवर लाल शाईत तो शब्द लिहिला गेला.

२४ जुलैला अँटीबॉडीच्या तपासणीसाठी रक्त बाहेर पाठवलं. १४,००० रुपये, रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत काउंट चार ते सात हजारांमध्ये लोंबकळत होता. दात घासायचा ब्रश बंद, फक्त चूळ. पाळी आली तर आवरणार नाही म्हणून ती थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या. बायकांना हे कुणी आधी सांगत नाही, तुम्ही विचारा. बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही, शिंक जोरात द्यायची नाही, स्नायूत इंजेक्शन नाही. सासूबाई खाटेजवळ बसून तिला हसवायलाही घाबरायच्या.

१ ऑगस्टला रिपोर्ट आला. रक्तपेढीच्या त्या डॉक्टरांनी मला आणि मेव्हण्याला खोलीत बोलावलं.

रक्ताचा गट ए, बी, ओ एवढाच नसतो. आपल्या बहुतेक सगळ्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात, निम्म्या आईकडून, निम्म्या बापाकडून. प्लेटलेटवरही त्या असतात आणि तिथं ए आणि बी या दोन जातींच्या खुणा महत्त्वाच्या. म्हणजे प्रत्येक माणसाच्या चार. ज्या शरीरानं परक्या खुणा आधी पाहिल्या आहेत ते त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवून ठेवू शकतं. परक्या खुणा कुठं भेटतात? पूर्वी चढवलेल्या रक्तातून, प्रत्यारोपणातून, किंवा गरोदरपणात. बाळाच्या निम्म्या खुणा बापाच्या असतात.

“दोन बाळंतपणं ना?” डॉक्टरांनी विचारलं. मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, “सर, तुमच्या खुणा तपासायला हव्यात, पण मला अंदाज आहे.”

तिच्या अँटीबॉडी सगळ्यात जोरात होत्या त्या ए२४ आणि बी३५ विरुद्ध. माझ्या तपासणीत निघालं: ए११, ए२४, बी३५, बी४०. थोरलीकडे गेलेल्या खुणा, धाकट्याकडे गेलेल्या खुणा, त्यांची नोंद त्यांच्या आईच्या रक्तात होती. ६ जुलैला मी अभिमानानं भरून दिलेली पिशवी तिच्या शरीरानं तासाभरात ओळखून संपवली होती. मूल होऊ शकणाऱ्या किंवा झालेल्या बाईला नवऱ्याचं रक्त किंवा प्लेटलेट शक्यतो देऊ नयेत हा शहाणपणा रक्तपेढीच्या लोकांना ठाऊक असतो. आम्हाला दाता आणा म्हणून सांगणाऱ्या खिडकीवर तो पोचला नव्हता.

पुढं मी वाचलं की ज्याँ दोसे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९५८ मध्ये ही पहिली खूण ओळखली ती अनेकदा रक्त चढवलेल्या रुग्णांच्या रक्तावरून. त्याच वर्षी हॉलंडात व्हॅन रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना अशाच अँटीबॉडी बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तात सापडल्या. म्हणजे पासष्ट वर्षं हे माहीत आहे.

आणखी एक पेच होता. ए२४ विरुद्धची अँटीबॉडी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या ए२३ लाही धरते, बी३५ वाली बी५१, बी५३ अशांनाही. आणि ए२४, बी३५ या आपल्या लोकांत सर्रास सापडणाऱ्या खुणा. थोडक्यात, रस्त्यावरून कुणालाही धरून आणलं तर तो चालण्याची शक्यता फार थोडी.

मेव्हणा तिथंच बाही वर करून म्हणाला, “माझं घ्या की मग. सख्खा भाऊ आहे.” डॉक्टर नाही म्हणाल्या. भावाची तपासणी निम्मी जुळली होती, बहिणीची अजिबात नाही. पूर्ण जुळणारं भावंड नसल्यामुळं एटीजीचा रस्ता ठरला, पण एटीजी लागू पडलं नाही तर निम्मा जुळणारा भाऊ हा राखीव दाता. त्याचं रक्त आत्ता चढवलं तर तिचं शरीर त्याच्याविरुद्धही तयारी करून ठेवेल आणि उद्या त्याची मज्जा नाकारेल. म्हणून प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर रक्ताच्या नात्यातल्या कुणाचंही रक्त घ्यायचं नाही. हे लक्षात ठेवा. गावाकडं आजारी माणसासाठी पहिल्यांदा भाऊच पुढं होतात आणि कुणी अडवत नाही.

तर नवरा बाद, भाऊ बाद, चुलत-मावस सगळे बाद. राहिले परके.

आमच्या शहरात एचएलए तपासलेल्या प्लेटलेट दात्यांची तयार यादी आम्हाला मिळाली नाही. मूळपेशी दात्यांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेला फोन केला. त्यांच्याकडे तपासलेली माणसं हजारोंनी, पण त्यांची संमती मूळपेशींसाठीची, प्लेटलेटसाठी नावं देता येत नाहीत. त्यांचं बरोबर होतं. फोन ठेवल्यावर मी जिन्यात बसून राहिलो एवढंच.

डॉक्टरांनी मग चाळणीची पद्धत काढली. शंभर लोकांची एचएलए तपासणी आम्हाला झेपली नसती, एकाचे साडेचार हजार. त्याऐवजी आधी प्लेटलेट क्रॉसमॅच: दात्याच्या प्लेटलेट आणि रुग्णाचा सीरम (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव) एकत्र ठेवून प्रतिक्रिया येते का बघायचं. एकाचे बाराशे, उत्तर त्याच दिवशी. जे पास होतील त्यांचीच पुढची तपासणी. त्यांच्या पेढीत नेहमी एसडीपी देणारे काही दाते होतेच. मी माझ्याकडून डीएडच्या बॅचचा ग्रुप, शिक्षक संघटनेचा ग्रुप, पुण्यातल्या दोन गणेश मंडळांच्या रक्तदान याद्या, असं सगळं ढवळून काढलं. निरोपात काय लिहायचं ते आता शिकलोय: गट, ‘प्लेटलेट हवेत’ असं न लिहिता ‘आज फक्त नळीभर रक्त तपासणीसाठी हवं’, पत्ता, वेळ, आणि ‘आमचे रक्ताचे नातेवाईक नकोत’. पहिल्या निरोपात शेवटचं वाक्य नव्हतं, तर सासरवाडीहून एक जीप भरून माणसं आली. त्यांना जेवू घालून परत पाठवलं.

याच काळात रुग्णालयाच्या आवारात एक माणूस भेटला. आठ हजारात दाता आणून देतो म्हणाला. पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. मला तेव्हा कायदा माहीत नव्हता, पण त्याच्या प्लेटलेट जुळतील की नाही हे त्याला कुठं माहीत होतं? एवढा विचार सुचला म्हणून वाचलो.

३ ते ८ ऑगस्टमध्ये २२ जणांचं क्रॉसमॅच झालं. चार पास. चौघांची एचएलए तपासणी केली. एकाची शीर यंत्राच्या सुईला पुरेल एवढी जाड नव्हती, तो गेला. राहिले तीन: एक मालवाहू टेम्पोचे चालक, एक बँकेतले कारकून, एक इंजिनिअरिंगचा मुलगा. बायकोच्या खुणा ए१, ए३३, बी४४, बी५७. टेम्पोवाल्या दादांच्या चार जागांवर मिळून तीनच खुणा निघाल्या, कारण ए३३ त्यांना आईकडून आणि बापाकडून अशी दोन्हीकडून आलेली, आणि बाकीच्या दोन तिच्याच बी४४ आणि बी५७. परकी खूण एकही नाही. त्यांचं गाव चिपळूणकडचं, आमचं कराडचं, जात वेगळी, आडनाव वेगळं. डॉक्टर रिपोर्ट बघून स्वतःशीच हसल्या.

पण जितकं जास्त जुळतं तितका एक वेगळा धोका वाढतो. दात्याच्या पिशवीत थोड्या पांढऱ्या पेशीही जातात. रुग्णाचं शरीर त्यांना परकं समजून मारतं. दाता फारच जुळणारा असला तर ते त्यांना ओळखत नाही, आणि त्या पेशी आत ठाण मांडून रुग्णावरच हल्ला करतात. हा प्रकार दुर्मीळ, पण झाला तर जीव घेतो. म्हणून जुळवलेली प्रत्येक पिशवी चढवण्याआधी २५ ग्रे (किरणांचं माप) एवढ्या किरणांखालून काढावी लागते, म्हणजे त्या पांढऱ्या पेशी निकामी होतात. आमच्या रुग्णालयात ते यंत्र नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. पिशवी, विनंतीपत्र, रिक्षा, आणि सोबत मेव्हणा. दान करू दिलं नाही म्हणून तो काहीतरी करायला आसुसला होता. पहिल्याच दिवशी तो थर्माकोलचा डबा बर्फानं भरून घेऊन आला. पेढीतल्या तंत्रज्ञानं अक्षरशः दारात अडवलं. प्लेटलेट थंड चालत नाहीत. २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवायच्या, आणि पाच दिवसांत वापरायच्या. बर्फ ओतून टाकला आणि रिकाम्या डब्यात पिशवी गेली. मेव्हणा ती रिक्षात मांडीवर घेऊन झुलवत बसायचा, तान्ह्या बाळासारखी.

१७ ऑगस्ट. अधिक महिना संपून निज श्रावण लागला तो दिवस. टेम्पोवाले दादा सकाळी सातला आले. सकाळी येऊनही पिशवी संध्याकाळी साडेपाचला हातात मिळाली. दात्याच्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया या चाचण्या, मग किरण, मग परतीची वाहतूक. दाता आला म्हणजे तासाभरात पिशवी मिळेल असं धरून चालू नका. काउंट पाच हजारांवर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा दहा-बारावर असतानाच दात्याला फोन करा.

पिशवी संध्याकाळी साडेसातला संपली. सव्वाआठला रक्त काढलं. साडेनऊला सिस्टरनं दारातूनच आकडा सांगितला: चौतीस हजार. आधी होता पाच. मी कागदावर गणित मांडलं, एकोणतीस हजार गुणिले दीड भागिले तीन, चौदा हजार पाचशे. मग पुन्हा मांडलं. बायको म्हणाली, “अहो, पेपर तपासताय का?”

याचसाठी एटीजी अडून राहिलं होतं. ते औषध प्लेटलेट आणखी खाली आणतं, म्हणून हमखास लागू पडणारे दाते हाताशी असल्याशिवाय सुरू करायचं नाही असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. २१ ते २४ ऑगस्ट एटीजी झालं. थंडी, ताप, अंगावर पुरळ. त्या चार दिवसांत दोन पिशव्या लागल्या, दोन्ही लागू पडल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, वाईट दिवस होते आणि गेले.

मग सुरू झाला तिघांच्या पाळ्यांचा हिशोब. दोन एसडीपींमध्ये किमान ४८ तास, आठवड्यात दोनदाच, वर्षात २४ पेक्षा जास्त नाही. तिला साधारण पाच दिवसांनी एक लागायची. वहीत तीन रकाने आखले. दात्यांची काळजी कशी घ्यायची हेही शिकलो. उपाशी पाठवायचं नाही, पण सकाळी वडे-भजीही नाहीत. चरबीनं रक्त दुधाळ झालं तर पिशवी वाया जाते. आदल्या दिवशी पाणी आणि झोप भरपूर. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून घालतात ते औषध शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यानं ओठ-बोटं झिणझिणतात. लगेच सांगायचं, यंत्राचा वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी देतात. इंजिनिअरिंगचा मुलगा पहिल्यांदा लाजेनं बोलला नाही आणि घाबरून घामाघूम झाला.

गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. टेम्पोवाले दादा १७ लाच गावी गेले. बँकेतल्या साहेबांनी १८ ला खुर्चीत बसण्याआधी काउंट केला तर १ लाख ४० हजार. दात्याचा दीड लाखाच्या वर लागतो, परत पाठवले. इंजिनिअरिंगच्या मुलानं आदल्या रात्री डोकं दुखतं म्हणून अॅस्पिरिनची गोळी घेतलेली, तो तीन दिवस बाद. १९ ला संध्याकाळी काउंट ३,००० आणि नाकातून रक्त सुरू झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात बोळे भरले, रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड शिरेतून सुरू केलं. बाहेर ढोल-ताशे. रात्री दहाला मी दादांना फोन केला. काय बोलावं सुचेना, गणपतीच्या शुभेच्छाच दिल्या. ते म्हणाले, “गुरुजी, आमचा दीड दिवसाचाच असतो. उद्या विसर्जन झालं की निघतो.” २१ ला सकाळी ते एसटीनं थेट रुग्णालयात आले, पायाला अजून नदीची वाळू होती. न्याहारी केली का विचारलं तर पिशवीतून मोदकांचा डबा काढला. एक खाल्ला, एक ग्लासभर पाणी प्यायले, बाकीचे “वहिनींना” म्हणून दिले. तिला घरचं-बाहेरचं काही द्यायचं नव्हतं, जंतुसंसर्गाच्या भीतीनं. ते मोदक आम्ही खाल्ले, तिनं नुसते बघितले.

त्यानंतर मी चौथ्या दात्याच्या शोधाला लागलो. तो ऑक्टोबरात सापडला. तीन पुरत नाहीत हे आधीच धरून चला.

ऑक्टोबर असाच गेला. रक्ताची आणि प्लेटलेटची प्रत्येक पिशवी पांढऱ्या पेशी गाळूनच, हे डॉक्टरांनी पहिल्यापासून पक्कं केलं होतं, म्हणजे नव्या अँटीबॉडी कमी तयार होतात. दिवाळीत, १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सात दिवस पिशवी न देता काउंट १६,००० होता. कुणी बोललं नाही, उगाच दृष्ट लागायची. १९ नोव्हेंबरला एकोणिसावी जुळवलेली पिशवी दिली, ती शेवटची. जानेवारीत काउंट ४१,०००, मेमध्ये ७८,०००. गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला पुण्याची फेरी चालू आहे. तिनं ब्रश विकत आणला, मऊ दातांचा.

एकोणीस पिशव्यांचे गाळणी-किरणांसह दोन लाख सदतीस हजार झाले. क्रॉसमॅचचे २६,४००, दात्यांच्या तपासण्यांचे १८,०००. एटीजीचा आकडा वेगळा आणि मोठा. सोसायटीचं कर्ज काढलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, नोकरीतून खर्च परत मिळावा म्हणून, वैद्यकीय देयक सादर केलं, दोन गठ्ठे. एप्रिलमध्ये त्रुटी निघून परत आलं. दात्यांच्या तपासण्यांच्या पावत्या दात्यांच्या नावावर होत्या, आणि रुग्णाव्यतिरिक्त व्यक्तींच्या चाचण्या अनुज्ञेय नाहीत असा शेरा. ही चूक टाळा: पावती रुग्णाच्याच नावावर घ्या, खाली ‘दाता क्र. १ ची तपासणी’ एवढं लिहून घ्या. डॉक्टरांकडून सविस्तर पत्र आणलं, प्रत्येक चाचणी का लागली ते लिहिलेलं, आणि पुन्हा टपालात दिलं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

जुलैमध्ये दुसरी त्रुटी. सर्व पिशव्यांचं विवरणपत्र ठरलेल्या नमुन्यात द्या. अनुक्रमांक, दिनांक, पिशवी क्रमांक, दाता, दात्याचे रुग्णाशी नाते, रक्कम. जुळवलेल्या एकोणीस पिशव्यांपुढं मी नात्याच्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलं. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “असं चालत नाही सर, काहीतरी लिहा.” मग त्यांनीच पेन घेतलं, थोडा विचार केला आणि ‘लागू नाही’ असं एकोणीस वेळा लिहायला सांगितलं. मी तिथंच बसून लिहिलं.

देयक नोव्हेंबरात मंजूर झालं, कापाकाप होऊन साठ टक्क्यांच्या आसपास. ‘लागू नाही’ वाल्या एकोणीसपैकी चार पिशव्यांची रक्कम कागदोपत्री कारणांनी उडाली. ६ जुलै २०२३ ची पिशवी, नाते ‘पती’, साडेअकरा हजार, एकही शेरा न मारता पूर्ण मंजूर.